येथून हे उघडच आहे

बीडच्या बसस्टँडवर उतरून एमएस्सी गणिताची पुस्तकं कुठं मिळतात असं विचारलं, तर कोणी पुस्तकाच्या दुकानाचा पत्ता सांगत नाही. पुस्तकाच्या दुकानात पोलीस भरतीची गाइडं, नीटचे जाडजूड संच आणि कंपासपेट्या मिळतात. वरचं गणित झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. मी शिकत होते तेव्हा असं एकच दुकान होतं. मालक वयानं आमच्या वडलांच्या बरोबरीचे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या काउंटरखाली सुतळीनं बांधलेले दोन गठ्ठे कायम असायचे, एक अ‍ॅनालिसिसचा आणि दुसरा डायनॅमिकल सिस्टिम्सचा. ही नावं चाचांनी कधी तोंडानं घेतली नाहीत. एकाला ते निळं म्हणत, दुसऱ्याला भगवं, कारण स्पायरल मारताना वर तसे पुठ्ठे घालत. दुकानात पाय ठेवला की तोंडाकडं बघूनच विचारायचे, "निळं का भगवं?" आम्ही बहुतेक जण जोडीच न्यायचो.

निळ्यात काय होतं हे मला घरी कधीच समजावून सांगता आलं नाही. एखादी गोष्ट दुसरीच्या जवळ जाते म्हणजे नेमकं काय होतं, किती जवळ, आणि जवळ गेली म्हणून पोचली असं म्हणायचं का, एवढ्याच गोष्टीवर त्या पुस्तकानं शंभर पानं खर्ची घातली होती. भगव्यात त्याच्या पुढचं. काळाबरोबर बदलत जाणारी कुठलीही वस्तू घ्या, लोलक घ्या, ग्रह घ्या, तिचं शेवटी काय होणार हे गणित न सोडवता कसं सांगायचं, याचं ते शास्त्र. माझ्या वडलांनी, आप्पांनी, आमच्या गावी नांदूरघाटात पारावर त्याचा सारांश "आमची बाई आता फुडलं सांगायचं शिकायलीय" असा सांगितला. त्यानंतर मी सुट्टीला गावी गेले की दोघं-चौघं तरी आडून आडून विचारून जायचे की पंचायत समितीला कोण येणार. मी सांगायची की आमच्या पुस्तकात माणसं येत नाहीत. त्यांना वाटायचं, पोरगी हुशार आहे, फुकट सांगत नाही.

आता आमच्या अभ्यासाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. आमच्याकडं पुस्तक वाचत नसत, पुस्तकातलं आयएमपी करत. मागच्या वर्षीची पोरं आपल्या झेरॉक्सवर आयएमपीच्या खुणा करून ठेवत. आपण तेवढं पाठ करायचं, बाकीचं ऑप्शनला टाकायचं. ऑप्शनला टाकणं ही मोठी विचारपूर्वक करायची गोष्ट होती. एकेका प्रकरणाचा निकाल लावायला आम्ही मुली होस्टेलच्या गच्चीवर बैठक भरवायचो. निळ्यातलं बंदिस्त आणि मर्यादित संचांचं प्रकरण मात्र बैठकीपर्यंतही यायचं नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या ऑप्शनला होतं. माझ्या हातात आलेल्या प्रतीत त्या प्रकरणावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काट मारलेली होती, आणि ती काटसुद्धा झेरॉक्समध्ये आलेली होती. म्हणजे ती माझ्या मागच्या वर्षीच्या कोणी मारलेली नव्हती. कोणी मारली, कधी मारली, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

भगव्यात मात्र एक प्रमेय असं होतं की ते ऑप्शनला टाकणाऱ्याची सगळ्यांनी कीव केली असती. ते परीक्षेला यायचंच यायचं. आमच्या भगव्यात ते पान लगेच सापडे, कारण प्रमेयाच्या डोक्यावर एक मोठा काळा डाग होता. डाग मूळ पुस्तकावरून झेरॉक्समध्ये आला होता. आमच्यात असं म्हणत की तो कुंकवाचा आहे. मूळ पुस्तक आम्हाला भगवं शिकवणाऱ्या सरांचं, आणि सर दर दसऱ्याला पाटीपूजनात ते पुस्तक मांडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं त्या डागाबद्दल आम्हाला आदरच होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी मीसुद्धा त्या झेरॉक्सच्या डागाला बोट लावून कपाळाला लावलेलं आहे. एमएस्सी प्रथम वर्ग.

प्रमेय सोपं करून सांगते. कढईत गोटी सोडली की ती इकडं तिकडं फिरते आणि शेवटी तळाला जाऊन बसते. बसणारच, हे सिद्ध करायचं. पुस्तकातली युक्ती अशी की गोटीकडं बघायचंच नाही, तिच्या उंचीकडं बघायचं. ही उंची प्रत्येक क्षणाला कमीच होत जाते हे एक अख्खं पान भरून दाखवलेलं होतं. पान उलटलं की एकदम पुढचा विषय सुरू, की गोटी तळाशी जाते हे आपण सिद्ध केलंच आहे. या दोहोंच्या मध्ये काहीतरी हवं होतं. तिथं सर फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहायचे, ज्याचा मराठीत अर्थ, येथून हे उघडच आहे.

आमचे सर वाईट शिकवायचे असं कोणी म्हणालं तर मी आजही भांडेन. बाकी सगळीकडं ते इतकं सोडवून सांगायचे की पाठीमागच्या बाकावरच्याही पदरात काही पडायचं. फक्त त्या ओळीशी आले की खडू हातात धरून वर्गाकडं तोंड करून जरा वेळ उभे राहायचे. एकेका बाकाकडं बघायचे. आम्हाला वाटायचं, दमले असतील. तेवढ्या वेळात आम्ही समास आखून घ्यायचो. मग ते वळायचे आणि लिहायचे.

आम्ही ते वाक्य परीक्षेत जसंच्या तसं लिहिलं आणि आम्हाला पैकीच्या पैकी मार्क पडले. पडणारच. पेपर तपासणारेही कधीकाळी चाचांच्याच गिऱ्हाइकांपैकी होते. शिवाय आमच्या भागातल्या माणसाला त्या ओळीत खटकावं असं काय होतं? कमी होत जाणारी गोष्ट शेवटी शून्यावर जाते. आमच्याकडं विहिरीचं पाणी जातं, बोअरचं जातं, लायटीचा व्होल्टेज जातो. मार्चमध्ये जे कमी व्हायला लागलं ते मेमध्ये संपलेलं असतं आणि टँकर आलेला असतो. याला सिद्धता कशाला लागते?

मला मात्र पुढं संशोधनाला जायचं होतं. हे एवढ्यासाठी स्पष्ट लिहिते की मुलींनी एमएस्सी करावं ते स्थळ चांगलं यावं म्हणून, अशी आमच्याकडं साधारण समजूत, आणि केजकडचं एक चांगलं स्थळ आलेलंही होतं. मला त्या मुलाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मला गणित हवं होतं. लांबच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाच्या जागा निघाल्या, मी लेखी परीक्षा पास झाले आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आप्पांनी आयुष्यात दोन निवडणुका लढवलेल्या, एक जिंकलेली. मुलाखत म्हणजे काय हे त्यांना लगेच समजलं. समितीत कोण कोण आहे, त्यांचं गाव कोणतं, आपल्या ओळखीचं कोणी त्यांच्यापर्यंत पोचतं का, याची त्यांनी चौकशी लावली. मी म्हटलं, आप्पा, तिथं असलं चालत नाही. ते म्हणाले, असलं चालत न्हाई असं सगळेच म्हणत्यात.

मुलाखतीत एक वयस्कर बाई होत्या, बारीक केसांच्या, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी मला आवडतं प्रमेय विचारलं. मी मनात म्हटलं, आता पेढे वाटा. फळ्यावर जाऊन गोटीचं प्रमेय मांडलं, उंची कमी होत जाते ते दाखवलं, मग सरांच्याच वळणानं ते वाक्य लिहिलं आणि खडू ठेवला.

बाईंनी विचारलं, "का?"

मी म्हटलं, उंची सारखी कमी होतेय ना. त्या म्हणाल्या, होतेय, पण कमी होतेय म्हणजे शून्यावर जाते हे कशावरून? मध्येच कुठंतरी अडकली तर? रोज आधीपेक्षा कमी कमी उतरली आणि तळाच्या वर बोटभर राहिली तर? मी फळ्याकडं बघितलं. ते वाक्य मी इतक्या वेळा लिहिलेलं होतं की त्याच्या मागं काही असायला हवं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कान तापले. मी म्हटलं, पुस्तकात असंच आहे. खोलीत कोणी हसलं नाही, हे फार वाईट होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या. मी हेच विचारीन."

गावी आल्यावर आप्पांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि पारावर निकाल जाहीर केला की समिती विरोधकांची होती. घरी मात्र दार ओढून घेऊन म्हणाले, "आजूक एकदा उभी ऱ्हा. ह्या येळंला पडलीस तर मग मी सोयरिकीला न्हाई म्हणू शकत न्हाई, सांगून ठिवतो." केजच्या लोकांनी वर्षभर थांबायची तयारी दाखवली, कारण त्यांच्याही मुलाची कसलीशी परीक्षा व्हायची होती. तर मला एक वर्ष होतं आणि एकाच 'का'चं उत्तर हवं होतं.

आधी मी भगव्याचं पान अन् पान तपासलं. आमच्या झेरॉक्सवर पानांचे नंबर नव्हते. चाचा कागद वाचवायला दोन पानं एकावर बसवत, त्यात कडा जात आणि कडेबरोबर नंबर जात. पण बारकाईनं बघितल्यावर अनुक्रमणिकेतला हिशोब जुळेना. प्रमेयाच्या मागं दोन पानं कमी भरत होती. मी चाचांकडं गेले. त्यांनी गठ्ठा सोडून काउंटरवर पसरला, चष्मा लावून बघितला, पानं नव्हतीच. ते जरा दुखावले. म्हणाले, "इतक्या बॅचा पास झाल्या ह्याच्यावर बेटा. प्रोफेसर झाले, तहसीलदार झाले. कुणाला पान कमी पडलं न्हाई. तुलाच कावून पडलं?"

मग मी मोबाइलकडं वळले. गणिताच्या पोरांचा टेलिग्रामवर एक मोठा ग्रुप आहे, देशभरातली मुलं त्यात पुस्तकं टाकतात. मी पुस्तकाचं नाव टाकलं आणि पाच मिनिटांत केरळच्या कोण्या मुलानं पीडीएफ पाठवली. उघडली, प्रमेयाच्या पानावर आले, आणि प्रमेयाच्या डोक्यावर तोच काळा डाग. आमच्या सरांचं कुंकू. दुसऱ्या कोणी हिमाचलहून पाठवली, तिच्यावरही तेच. बीडच्या कोण्या परोपकारी पोरानं चाचांची प्रत स्कॅन करून जगाला अर्पण केली होती, आणि आता काश्मीरपासून केरळपर्यंतची मुलं आमच्या जिल्ह्याचं प्रमेय पाठ करत होती. वरच्या गणितात बीडनं एवढं मोठं योगदान दिलं असेल याची कुठल्याच पुढाऱ्याला कल्पना नव्हती, नाहीतर फ्लेक्स लागला असता.

दुसऱ्या पुस्तकांतून शोधता आलं नसतं का? शोधलं. तिथं तेच प्रमेय भलत्याच यंत्रांनी सिद्ध केलेलं, आणि प्रत्येक यंत्राच्या सुरुवातीला मला न येणारं काहीतरी. शिवाय खरं सांगायचं तर मी आता हट्टाला पेटले होते. मला तीच दोन पानं हवी होती. ती फक्त मूळ पुस्तकात असणार, आणि मूळ पुस्तक सरांकडं.

सर तोवर निवृत्त होऊन आपल्या गावी, पालीला, राहायला गेले होते. उन्हाळ्याचे दिवस होते. मी बीडहून ऑटोनं गेले. काकूंनी पाणी दिलं, पोह्यांची तयारी सुरू केली. सरांनी मुलाखतीचं विचारलं. मी सगळं सांगितलं, 'का'पर्यंत. सांगताना त्यांच्याकडं बघायचं टाळत होते, कारण ऐकणाऱ्याला ती त्यांच्याविरुद्धची तक्रार वाटली असती. ते उठून आत गेले आणि पुस्तक घेऊन आले. लाल कापडात गुंडाळलेलं होतं.

ते पुस्तक मी पहिल्यांदाच हातात घेत होते. पुठ्ठा तपकिरी निघाला. भगवा रंग चाचांचा. पूर्वी परदेशातून स्वस्तात येणाऱ्या पुस्तकांचं प्रदर्शन लागायचं, त्यात सरांनी ते विद्यार्थी असताना घेतलेलं. मी काही शोधायच्या आत ते आपोआप एका पानावर उघडलं. झेरॉक्समध्ये एक डाग दिसायचा. इथं हळदीवर हळद आणि कुंकवावर कुंकू असे थर होते, एकाशेजारी एक, एकावर एक, वाळून खपल्या झालेले. मध्ये आपट्याची सुकलेली पानं. सर दर दसऱ्याला पुस्तक मांडायचे हे आम्हाला माहीत होतं. दर दसऱ्याला ते याच पानावर उघडून मांडायचे हे माहीत नव्हतं.

पुढचं पान मी उलटलं तर ते जाड लागलं. छापखान्यात कागदाची घडी कापायची राहून गेली होती. दोन पानं वरून आणि बाजूनं एकमेकांना जोडलेली, पिशवी झालेली. खालून डोकावलं तर आत छपाई दिसत होती, पण वाचता येत नव्हती. झेरॉक्स काढताना ते एकच पान म्हणून उलटलं गेलं असणार. एवढ्याशा घडीत अख्ख्या जिल्ह्याचा 'का' अडकून बसला होता. मी उत्साहानं म्हणाले की सर, पानं चिकटलेली आहेत, कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"माझ्या आलं होतं," सर म्हणाले. "घेतलं त्याच वर्षी."

मी विचारलं, मग उघडलं कावून न्हाई सर?

सरांनी पोह्याची बशी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "तवा वाटलं, आपलं आपुन काढू. निघालं की मग घडी कापू आन् ताडून बघू. न्हाई निघालं. मग नोकरी लागली. मग असं वाटाया लागलं, की कापलं आन् आत चारच ओळी निघाल्या तर? चार ओळी मला आल्या न्हाईत, हे कळून काय करायचं? वर्गात दरसाल थांबायचो त्या जागी. म्हणायचो, कुणीतरी इचारील. ज्या दिवशी इचारतील त्या दिवशी घरी येऊन कापायचं. कुणी इचारलंच न्हाई."

मी समास आखत होते त्या वेळी, हे माझ्या मनात आलं. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी रडूही येत होतं. दोन्हीचं काय करायचं ते न कळून मी पोहे संपवले. सरांनी पुस्तक पुन्हा लाल कापडात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "घेऊन जा. तुला लागंल. माझ्यासमोर नको कापू."

ऑटो यायला वेळ होता म्हणून मी बिंदुसरा धरणाकडं चालत गेले. पाणी खाली गेलेलं, काठची माती तडकलेली, दोन म्हशी चिखलात बसलेल्या. पिशवीत पुस्तक, पुस्तकात घडी, आणि ब्लेड मिळायला पालीच्या कुठल्याही दुकानात अडचण नव्हती. पण सरांनी जे स्वतः काढायचं ठरवलं होतं ते मला एकदा करून बघावंसं वाटलं. मी पाण्याकडं बघत बसले आणि मला वर्तमानपत्रातला तो शब्द आठवला, जो आम्ही लहानपणापासून दर उन्हाळ्यात वाचतो आणि ज्याच्याकडं बघतही नाही. मृतसाठा. धरणाचं पाणी सोडून सोडून कमी होतं, पण शून्यावर जात नाही. दरवाजाचं तोंड तळापेक्षा वर असतं. पाणी तोंडाशी आलं की सोडायचं थांबतं आणि खाली साठा तसाच राहतो. कमी होत होत भलत्याच जागी अडकलेली गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर पसरली होती, दर वर्षी तिची बातमी यायची, आणि तरीही 'मध्येच अडकली तर?' या प्रश्नानं माझे कान तापले होते. मला माझंच हसू आलं. म्हशींनी मान वळवून बघितलं.

मग उलटा विचार सुरू झाला. आपल्या कढईला मृतसाठा नाही हे दाखवायचं. समजा आहे. समजा गोटी तळाच्या वर कुठंतरी अडकते. मग ती त्या पातळीच्या वरच्या भागातच फिरत राहणार, आणि त्या भागात प्रत्येक जागी उतार आहे. कुठं जास्त, कुठं कमी. पण सगळ्यात कमी उतार जिथं आहे तिथंही काहीतरी उतार आहे ना? तेवढ्या वेगानं जरी ती उतरत राहिली तरी एक दिवस ती पातळी ओलांडून खाली जाणारच. मग अडकली कुठं? फक्त एक गोष्ट पक्की हवी होती. सगळ्यात कमी उतार असलेली जागा खरोखर असायला हवी, नाहीतर उतार विरत विरत जाईल आणि आपण तसेच बसून राहू. अशी जागा असतेच, असं सांगणारं काहीतरी कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. ऑटोत बसल्यावर आठवलं, वाचलेलं नव्हतं. निळ्यातलं बंदिस्त आणि मर्यादित संचांचं प्रकरण. ऑप्शनला टाकलेलं. टोकापासून टोकापर्यंत काट मारलेलं.

ते प्रकरण मी काटेखालून वाचलं. अक्षरं दिसायची नाहीत तिथं अंदाजानं. महिनाभर गेला असेल, पण एके दिवशी सकाळी सगळं एकाखाली एक बसलं आणि मला इतका आनंद झाला की मी उठून आईचं सगळं पीठ मळून टाकलं. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, गोटी तळाला गेली. ती म्हणाली, बरं झालं, आता पोळ्याही लाट.

मग मी आप्पांच्या दाढीच्या ब्लेडनं घडी कापली. आत माझंच उत्तर होतं, जरा नीटनेटकं. सहा ओळी. मी पुन्हा मोजल्या. सहाच. त्यांच्याखाली सिद्धता संपल्याची खूण आणि मग दोन्ही पानं भरून स्वाध्याय. मला वाटलं होतं, ताडून बघताना मजा येईल. मला सरांच्या पोह्याच्या बशीची आठवण आली आणि मी पुस्तक मिटून कापडात बांधून ठेवलं.

दुसऱ्या मुलाखतीला तीच खोली, त्याच बाई. शेजारी या वेळी एक तरुण सर, सारखे घड्याळाकडं बघणारे. बाईंनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. त्यांनी काही विचारायच्या आत मी म्हटलं की मला मागच्या वर्षीचंच प्रमेय मांडायचं आहे. फळ्यावर गेले. उंची कमी होते ते दाखवलं, आणि त्या जागी आले.

तरुण सर म्हणाले, "हां, इथून पुढचं उघडच आहे. पुढं चला."

वर्षभर मी ज्याच्यासाठी मेले ते हे गृहस्थ मला फुकटात देत होते. खडू ठेवून पुढं गेले असते तर कोणी अडवलं नसतं. पण मी वळले आणि सर थांबायचे तशी जरा थांबले. मग म्हणाले, "नाही सर. हे उघड नाही."

आमच्याकडच्या धरणाचं सांगितलं, मृतसाठ्याचं सांगितलं, मग सहा ओळी लिहिल्या. तरुण सरांनी घड्याळाकडं बघणं सोडलं होतं. बाईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला आणि म्हणाल्या, आता पुढं चला.

यादीत माझं नाव लागलं. आप्पांनी विचारलं, किती उभे होते, कितव्या नंबरानं आलीस, आणि पारावर सांगून आले की समिती फुटली. केजच्या लोकांना आईनंच निरोप पाठवला. आप्पांना वाटतं तो त्यांनी पाठवला.

सरांना मी फोन केला. निवड झाल्याचं सांगितलं. त्यांनी शाबास म्हटलं, काकूंना हाक मारून सांगितलं, संस्था कुठं, राहायची सोय कशी, सगळं विचारलं. मग आवाज खाली घेऊन विचारलं,

"घडी कापलीस का गं?"

हो सर, म्हटलं.

"किती निघालं?"

पुस्तक समोरच उघडं होतं. मी दोन्ही पानांकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"दोन्ही पानं भरून हाय सर," मी म्हणाले. "बारीक टायपात."

पलीकडं त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणलंच मी," ते म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.